शेवटची वाटणी : अर्धसूत्री विभाजनाचा शोध आणि आपल्या रानातील सरकी



स्मृतिव्याख्यानासाठी इतिहासाचा विषय घ्यावा, अशी सूचना निमंत्रणासोबत आली, तेव्हा काही विषय साहजिकच डोळ्यांपुढे उभे राहिले. आदिलाबादचा इतिहास म्हटला की गोंड राजांचे किल्ले, निजामाची राजवट, १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात धारातीर्थी पडलेले कोमराम भीम, १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि तिने तत्कालीन मुंबई राज्याकडे दिलेले किनवट व राजुरा हे तालुके आठवतात. या विषयांवर अधिकारवाणीने बोलणारे विद्वान आहेत. मी आज एक निराळा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. तो घडतो ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत. त्याचा शोध लागला युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांत, आणि त्याचा परिणाम दरवर्षी मृगाच्या तोंडावर बियाण्याच्या दुकानांपुढे लागणाऱ्या रांगांत दिसतो.

आपला जिल्हा कापसाचा. पैनगंगेच्या उत्तर तीरावर यवतमाळ आणि दक्षिण तीरावर आपण. मधून राज्याची सीमा जाते, परंतु काळी जमीन आणि पांढरे पीक दोन्हीकडे एकच. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तरी हे सत्य बदलले नाही. या पट्ट्यातील वडीलधाऱ्यांना विचारले तर ते सांगतील की पूर्वी सरकी विकत आणण्याची गोष्ट नव्हती. चांगल्या झाडांचा कापूस निराळा वेचावा, सरकी वेगळी काढावी, शेणात व राखेत घोळवून सुकवावी आणि पुढच्या पावसाळ्यात टोबावी, ही रीत होती. आज ती रीत मोडली आहे. संकरित कापसाची सरकी घरी ठेवून पेरली तर पीक ‘फाटते’, असा सर्वांचा अनुभव आहे. काही झाडे उंच, काही खुजी; कुठे बोंडे मोठी, कुठे बारीक; धागा लांब-आखूड. हे असे का होते?

या प्रश्नाची अनेक उत्तरे गावोगाव ऐकू येतात. कोणी म्हणतो, बी तयार करतानाच त्यात काही तरी घालतात. कोणी म्हणतो, जमीन बिघडली. कोणी म्हणतो, संकराचे बी वांझ असते. यांपैकी एकही उत्तर खरे नाही. संकराची सरकी वांझ नसते. ती उगवते, फुलते, बोंडेही धरते. ती एकसारखी राहत नाही, एवढेच. आणि याचे कारण पेशींच्या एका विशिष्ट विभाजनात, विशेषतः त्याच्या अखेरच्या टप्प्यांत, दडलेले आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत त्या टप्प्यांची नावे पाठ केली, परीक्षेत आकृती काढली आणि गुण मिळवून ती विसरूनही गेले. ही नावे आपल्या शेतीच्या अर्थकारणाशी कशी बांधली गेली आहेत, हे दाखवणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

पातीच्या आत काय घडते

प्रथम घटना समजून घेऊ. कापसाच्या झाडाला पाती लागते तेव्हा ती अतिशय लहान असते. फूल उमलण्याच्या बरेच दिवस आधी, त्या बंद पातीच्या परागकोशांत काही पेशी आकाराने मोठ्या होतात. त्यांना पराग-मातृपेशी म्हणतात. अमेरिकन जातीच्या कापसाच्या प्रत्येक पेशीत ५२ गुणसूत्रे असतात. म्हणजे २६ जोड्या. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र त्या झाडाच्या मातेकडून आलेले, दुसरे पित्याकडून. विभाजनापूर्वी प्रत्येक गुणसूत्र आपली प्रतिकृती तयार करते आणि मूळ धागा व त्याचा जुळा धागा एका बिंदूपाशी जोडलेले राहतात.

आता पहिले विभाजन होते. मातेचे व पित्याचे गुणसूत्र शेजारी येऊन एकमेकांना बिलगतात, काही ठिकाणी परस्परांचे तुकडे बदलून घेतात आणि मग दूर होतात. दोन पेशी निर्माण होतात. प्रत्येकीत २६ गुणसूत्रे. मात्र प्रत्येक गुणसूत्र अजून दुहेरीच असते. येथे अर्धे काम झाले.

यानंतर येतो अखेरचा भाग. दोन्ही ठिकाणी गुणसूत्रे पुन्हा मध्यरेषेवर रांगेत उभी राहतात. ही दुसरी मध्यावस्था. मग इतका वेळ जुळ्या धाग्यांना एकत्र धरून ठेवणारी गाठ सुटते आणि एकेक धागा आपापल्या ध्रुवाकडे ओढला जातो. ही दुसरी पश्चावस्था. ध्रुवांशी पोहोचल्यावर धागे सैल होतात, त्यांच्याभोवती नवे आवरण तयार होते आणि एका पेशीच्या जागी चार केंद्रके दिसू लागतात. ही दुसरी अंत्यावस्था. शेवटी त्या चार केंद्रकांमध्ये भिंती पडतात. कापसात या भिंती एकाच वेळी पडतात आणि चारही पेशी काही काळ एका जाड वेष्टनात एकत्र राहतात. ते वेष्टन विरघळले की त्या मोकळ्या होतात. या चार पेशींचे पुढे चार परागकण होतात.

बीजांडातही हेच घडते, पण तेथील शेवट वेगळा आहे. तेथे चार पेशी एका ओळीत तयार होतात, त्यांपैकी तीन नाश पावतात आणि एकच उरते. तिच्यापासून पुढे अंडपेशी बनते. प्राण्यांतही असाच भेद आहे. नराच्या एका पेशीपासून चार शुक्रपेशी, मादीच्या एका पेशीपासून एकच अंडपेशी आणि बाकीचा वाटा क्षुद्र ध्रुवपेशींचा. मनुष्याच्या बाबतीत तर अंडपेशी दुसऱ्या मध्यावस्थेपाशी थांबून राहते. शुक्रपेशी आत शिरली तरच ती शेवटचे विभाजन पूर्ण करते. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्याचा आरंभ आणि या विभाजनाचा शेवट या घटना एकाच वेळच्या आहेत.

अर्धी संख्या : एक तर्क आणि त्याचा पडताळा

हे सारे आज सहज सांगता येते. परंतु ते समजण्यास पन्नास वर्षांहून अधिक काळ लागला आणि तो काळ मोठ्या वादांचा होता.

१८७६ मध्ये जर्मनीच्या ऑस्कर हर्टविग याने समुद्री साळिंदर या काटेरी प्राण्याच्या अंड्यात शुक्रपेशीचे केंद्रक व अंडपेशीचे केंद्रक एकत्र येतात, असे दाखवले. १८८३ मध्ये बेल्जियमच्या एडुआर्द फान बेनेडेन याने घोड्याच्या आतड्यात आढळणाऱ्या जंतावर काम केले. या जंताची गुणसूत्रे मोठी व मोजकीच, त्यामुळे मोजणे सोपे. त्याला आढळले की फलित अंड्यात चार गुणसूत्रे असतात आणि त्यांपैकी दोन मातेची, दोन पित्याची असतात. दोघांचा वाटा समान.

येथे एक अडचण उभी राहिली. दोन पेशी एकत्र येऊन नवा जीव होत असेल, तर दर पिढीला गुणसूत्रांची संख्या दुप्पट व्हावयास हवी. तसे होत नाही. १८८७ मध्ये फ्रायबुर्गच्या ऑगुस्ट वाइसमान याने यावर निर्णायक विचार मांडला. त्याची दृष्टी अधू झाली होती, सूक्ष्मदर्शकाचे काम त्याला झेपत नव्हते. परंतु केवळ तर्काच्या बळावर त्याने सांगितले की जननपेशी तयार होताना कोठे तरी वंशद्रव्य निम्मे करणारे विभाजन झालेच पाहिजे. डोळ्यांनी न पाहता पेशीच्या आत काय असले पाहिजे हे सांगणारा हा तर्क जीवशास्त्राच्या इतिहासातील मोठ्या तर्कांपैकी एक आहे.

पडताळा लवकरच मिळाला. त्याच १८८७ मध्ये वाल्थर फ्लेमिंग याने सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या वृषणात एकामागून एक होणारी दोन वेगळ्या धाटणीची विभाजने वर्णिली. पहिले नेहमीपेक्षा वेगळे, दुसरे नेहमीच्या विभाजनासारखे. बॉन येथे एडुआर्ड स्ट्रासबुर्गर याने वनस्पतींच्या परागकणांत संख्या निम्मी झालेली दाखवली. १८९० मध्ये हर्टविगने त्याच जंताच्या नर-मादी पेशींची शेजारी शेजारी तुलना करून सिद्ध केले की दोन्हीकडे प्रक्रिया एकच आहे. नराकडे चार पेशी उपयोगी पडतात, मादीकडे एक उपयोगी पडते आणि ध्रुवपेशी या वाया गेलेल्या तिच्या भगिनी होत. अखेरच्या टप्प्यात चार वाटे होतात, हे ज्ञान तेव्हापासूनचे.

या विभाजनाला आजचे इंग्रजी नाव मात्र १९०५ मध्ये इंग्लंडच्या फार्मर व मूर यांनी दिले. ‘घट’ या अर्थाचा ग्रीक शब्द त्यांनी घेतला. मराठीत आपण त्याला अर्धसूत्री विभाजन म्हणतो, आणि माझ्या मते आपले नाव अधिक बोलके आहे.

कोणता वाटा कोणाला

संख्या निम्मी होते हे कळले. पण कोणता निम्मा भाग कोठे जातो? हा प्रश्न वरकरणी पंडिती वाटतो. वास्तविक सरकीचे सारे कोडे त्यातच आहे.

ब्रनो येथील मठात ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्यावरील प्रयोगांचे निष्कर्ष १८६५ मध्ये वाचून दाखवले व १८६६ मध्ये छापले. दोन भिन्न वाणांचा संकर केला तर पहिली पिढी एकसारखी येते; परंतु त्या पिढीचे बी पेरले तर दुसऱ्या पिढीत लपलेले गुण ठरावीक प्रमाणात पुन्हा प्रकट होतात, हे त्याने दाखवले. त्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष गेले नाही. १९०० मध्ये तीन शास्त्रज्ञांनी तेच नियम स्वतंत्रपणे मांडले, तेव्हा मेंडेलचे नाव पुन्हा पुढे आले. मात्र हे प्रमाण पेशीतील कोणत्या घटनेमुळे येते, हे कोणालाच माहीत नव्हते.

ते सांगितले वॉल्टर सटन या तरुण अमेरिकन विद्यार्थ्याने. कॅन्ससमधील शेतावर वाढलेल्या या मुलाने शेतात सापडणारा मोठा टोळ अभ्यासाला घेतला आणि १९०२-०३ मध्ये मांडले की जोडीतील गुणसूत्रे जशी विलग होतात तसेच मेंडेलचे गुणघटकही विलग होतात. जर्मनीत थिओडोर बोव्हेरी स्वतंत्रपणे त्याच दिशेने चालला होता. १९१३ मध्ये एलिनॉर कॅरोदर्स या संशोधिकेने टोळांमध्ये अशी एक जोडी शोधली की जिच्यातील दोन गुणसूत्रे आकाराने असमान होती. त्यामुळे कोणते कोणीकडे गेले हे प्रत्यक्ष पाहता येत होते. तिने मोजले तेव्हा आढळले की एका जोडीची दिशा दुसऱ्या गुणसूत्राच्या दिशेवर अवलंबून नसते. जवळपास निम्म्या वेळा एकीकडे, निम्म्या वेळा दुसरीकडे. जणू प्रत्येक जोडीसाठी वेगळी चिठ्ठी टाकली जाते.

याचा अर्थ आपल्या कापसाच्या भाषेत मांडू. २६ जोड्या, प्रत्येक जोडीच्या दोन शक्यता. एकाच झाडापासून होऊ शकणाऱ्या वाट्यांच्या प्रकारांची संख्या ६ कोटी ७१ लाख ८ हजार ८६४ येते. आणि हा हिशेब गुणसूत्रे अखंड राहतात असे मानून केलेला आहे. ती अखंड राहत नाहीत, हे १९०९ मध्ये बेल्जियमचे धर्मगुरू व पेशीशास्त्रज्ञ यान्सेन्स यांनी सुचवले: बिलगलेले धागे तुटून एकमेकांशी जोडले जात असावेत. पुढे थॉमस हंट मॉर्गन व त्याच्या विद्यार्थ्यांनी फळमाशीवर केलेल्या प्रयोगांनी ते मान्य करावयास लावले.

यातून जुन्या वादाचेही उत्तर मिळाले. पहिले विभाजन घट करणारे की दुसरे, यावर वाइसमानच्या काळापासून पंडितांत दोन तट होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत कार्ल लिंडेग्रेन याने पावावर येणाऱ्या तांबूस बुरशीवर काम केले. या बुरशीत विभाजनाची संतती एका अरुंद पिशवीत ओळीने मांडलेली राहते. त्यामुळे कोणता गुण पहिल्या विभाजनात वेगळा झाला व कोणता दुसऱ्यात, हे ओळीवरून वाचता येते. उत्तर असे निघाले की दोन्ही तट अर्धे बरोबर होते. जुळे धागे जेथे जोडलेले असतात त्या बिंदूजवळचे गुण बहुधा पहिल्या विभाजनात वेगळे होतात. दूरच्या गुणांची अदलाबदल झाली असेल तर त्यांची फारकत दुसऱ्या विभाजनापर्यंत लांबते. म्हणजे शेवटचे विभाजन ही पहिल्याची नुसती पुनरावृत्ती नाही. वाटणी पुरी होते ती तेथेच.

पहिल्या विभाजनात जुळे धागे सुटत नाहीत आणि दुसऱ्यातच का सुटतात, हे कोडे त्यानंतरही कित्येक दशके राहिले. धाग्यांना बांधणारी प्रथिने विसाव्या शतकाच्या अखेरीस सापडली. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी त्या बंधनाचे पहिल्या विभाजनात रक्षण करणारे प्रथिन ओळखले आणि त्याला ‘शुगोशिन’, म्हणजे रक्षक देवता, असे नाव दिले. दुसऱ्या विभाजनात हा पहारा उठतो आणि गाठ सुटते.

कापसाचा स्वतःचा पुरावा

आता टोळ आणि बुरशी सोडून कापसाकडे येऊ. आपल्या भागात पूर्वी देशी कापूस होता. हैदराबाद संस्थानात त्याला गावरानी म्हणत. त्याच्या पेशीत २६ गुणसूत्रे, म्हणजे १३ जोड्या. अमेरिकन कापसात त्याच्या दुप्पट. या दोघांचा संकर केला तर काय होईल? देशीकडून १३, अमेरिकनकडून २६, एकूण ३९. झाड वाढते, पण अर्धसूत्री विभाजनात त्याचा हिशेब जुळत नाही. १९३४ मध्ये स्कोव्हस्टेड या संशोधकाने अशा संकराच्या पेशी तपासल्या, तेव्हा त्याला १३ जोड्या जुळलेल्या आणि १३ गुणसूत्रे एकटी राहिलेली दिसली. एकट्या गुणसूत्रांना जोडीदार नाही, म्हणून ती अखेरच्या टप्प्यात कशीही विखुरतात; चारही वाटे अपुरे किंवा विषम होतात आणि झाड बहुतांशी निर्बीज राहते.

स्कोव्हस्टेडने त्यातून जो निष्कर्ष काढला तो विलक्षण होता. अमेरिकन कापसाच्या निम्म्या गुणसूत्रांचे आपल्या देशी कापसाशी नाते आहे. उरलेली निम्मी अमेरिकेतील रानटी कापसाची असली पाहिजेत. १९४० मध्ये बीस्ली याने टेक्सासमध्ये आशियाई कापूस व अमेरिकेतील रानटी कापूस यांचा संकर केला. तो निर्बीज होता. त्यावर त्याने कोल्चिसिन या द्रव्याचा प्रयोग केला. हे द्रव्य आपल्या रानातील कळलावीच्या कंदातही असते. गुणसूत्रे दुप्पट झाली, प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि झाडाला बीजधारणा होऊ लागली. निसर्गात हीच घटना लाखो वर्षांपूर्वी घडून गेली होती. आपण ज्याला परका म्हणतो त्या अमेरिकन कापसाच्या अंगात देशी कापसाच्या घराण्याचे रक्त आहे, हे या विभाजनाच्या अभ्यासानेच कळले.

संकराचे युग

या पार्श्वभूमीवर १९७० साल येते. सुरत येथील संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘गुजरात ६७’ आणि ‘अमेरिकन नेक्टरिलेस’ या दोन अमेरिकन वाणांचा संकर करून ‘संकर ४’ हा वाण प्रसृत केला. व्यापारी लागवडीसाठी आलेला कापसाचा हा जगातील पहिला संकरित वाण. १९७२ मध्ये धारवाडहून डॉ. कटारकी यांचा ‘वरलक्ष्मी’ आला. पुढे आपल्या शेजारच्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून ‘एनएचएच ४४’ निघाला आणि कोरडवाहू पट्ट्यात तो घरोघरी पोहोचला. उत्पन्न वाढले, धागा लांबला. संकराने शेतकऱ्यास काहीच दिले नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. आपल्या वाडवडिलांनी तो डोळसपणे स्वीकारला.

परंतु त्यासोबत एक अट आली, आणि ती कोणी कागदावर लिहिलेली नव्हती. सरळ वाणात मातेचे व पित्याचे गुणसूत्र जवळपास सारखेच असते. तेथे चिठ्ठ्या कशाही पडल्या तरी वाटे सारखेच होतात. म्हणून आजोबांची सरकी नातवाच्या शेतातही तशीच उगवे. संकरात मात्र प्रत्येक जोडीतील दोन गुणसूत्रे भिन्न घराण्यांची. पहिली पिढी एकसारखी, कारण प्रत्येक झाडाला दोन्ही घराण्यांचा एकेक पूर्ण संच मिळालेला असतो. पण त्याच झाडाच्या पातीत शेवटची वाटणी झाली की कोणतेही दोन परागकण सारखे राहत नाहीत. दुसऱ्या पिढीत संकराचा मिश्रपणा सरासरीने निम्म्यावर येतो, तिसऱ्यात पाव, चौथ्यात अष्टमांश. संकराचा जोम त्या मिश्रपणात होता. तो त्याच गतीने ओसरतो.

म्हणून संकरित बी दरवर्षी नव्याने तयार करावे लागते. गदवालसारख्या भागांत बियाण्याच्या शेतात संध्याकाळी कळ्यांतील पुंकेसर हाताने काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग हातानेच लावावे लागतात. एका बोंडात पंचवीस-तीस सरक्या. आपण विकत घेतो त्या पाकिटातील प्रत्येक दाण्यामागे कोणाच्या तरी, बहुधा एखाद्या बाईच्या, बोटांचे कष्ट आहेत.

बोंडातील मिश्र सरकी

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. भारतात तो प्रामुख्याने संकरित वाणांच्या रूपानेच आला. सुरुवातीच्या वाणांत बोंडअळीला मारक ठरणारे जनुक एकाच पालकाकडून आलेले असे. आता आपण शिकलेला हिशेब येथे लावा. झाडाच्या प्रत्येक पानात ते जनुक आहे. पण शेवटच्या वाटणीत ते निम्म्याच परागकणांना व निम्म्याच अंडपेशींना मिळते. त्यामुळे त्या झाडाच्या बोंडात तयार होणाऱ्या चार सरक्यांपैकी सरासरी एक त्या जनुकावाचून असते.

गुलाबी बोंडअळी सरकीच खाते. एकाच बोंडात विषारी व बिनविषारी सरकी मिसळलेली असली की अळीला विषाची अर्धीमुर्धी मात्रा पचवून तगण्यास वाव मिळतो. २०१० मध्ये गुजरातेतील गुलाबी बोंडअळीने पहिल्या बीटी जनुकाला दाद देणे सोडल्याचे जाहीर झाले. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले होते. पण २०१७ च्या हंगामात यवतमाळसह या सबंध पट्ट्यात अळीने केलेले नुकसान आपण पाहिले. लांबलेला हंगाम, बीटीविरहित झाडांच्या ओळी न लावणे, अशी अनेक कारणे त्यामागे सांगितली जातात. बोंडातील मिश्र सरकी हेही त्यांपैकी एक.

याच हिशेबाची दुसरी बाजू चीनमध्ये दिसली. यांगत्से नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी संकराची दुसऱ्या पिढीची सरकी मोठ्या प्रमाणावर पेरली. तेथे शेतातील चौथा हिस्सा झाडे बीटीविरहित निघाली आणि त्या झाडांवर वाढलेल्या साध्या अळ्यांमुळे गुलाबी बोंडअळीची प्रतिकारशक्ती वाढण्याऐवजी कमी झाली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. वाटणी तीच, प्रमाण तेच. सरक्या बोंडात मिसळल्या तर अपाय, झाडे शेतात मिसळली तर उपाय. निसर्गाचा नियम कोणाचा पक्ष घेत नाही. तो जाणणाऱ्याच्या उपयोगी पडतो, एवढेच.

कायद्याचा हक्क आणि पेशीचा नियम

आपल्या देशाने २००१ मध्ये पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा केला. आपल्या शेतातील बी राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि नाममुद्रेशिवाय विकण्याचाही हक्क त्याने शेतकऱ्यास दिला. हा कायदा थोर आहे. परंतु संकरित वाणाच्या बाबतीत कायद्याने दिलेला हक्क पेशीतील वाटणी निष्फळ करून टाकते. हक्क आहे, पण राखून ठेवावे असे बी हाती नाही. आपल्या शेतकऱ्याच्या परावलंबनाचा विचार करताना बाजार, कर्ज व पाऊस यांच्या जोडीला हे चौथे कारणही मोजले पाहिजे, असे माझे आग्रहाचे प्रतिपादन आहे.

यातून निराशेचा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. संकराची सरकी सहा पिढ्या निवडून पेरत गेले, तर मिश्रपणा चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो आणि स्थिर वाण हाती लागू शकतो. वाण तयार करणारे संशोधक हेच करतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटी गुण असलेले सरळ वाणही तयार केले आहेत. त्यांची सरकी घरी ठेवता येते. कोणता वाण संकरित, कोणता सरळ, कोणती सरकी राखावी व कोणती राखू नये, हा विवेक शेतकऱ्याच्या हाती आला तर दरवर्षीच्या रांगेत तो निदान डोळे उघडे ठेवून उभा राहील. सरळ वाण कोरडवाहू रानात संकराच्या तोडीचे उतरतील की नाही, हे ज्याने त्याने आपल्या शेतात पारखून घ्यावे. पण पारख करण्यासाठी आधी भेद कळावा लागतो.

हा विवेक देण्याचे काम शाळेचे आहे. अंत्यावस्थेची व्याख्या पाठ करवून तो येणार नाही. म्हणून माजी विद्यार्थ्यांना मी एक विनंती करतो. शाळेच्या आवारात दोन वाफे राखावेत. एकात सरळ वाणाची घरी राखलेली सरकी टोबावी, दुसऱ्यात संकरित झाडांवरून वेचलेली. दिवाळीच्या सुमारास मुलांनी प्रत्येक झाडाची उंची व बोंडे मोजून वहीत मांडावीत. पहिल्या वाफ्यातले आकडे एकमेकांजवळ राहतील, दुसऱ्यातले विखुरतील. मेंडेलने मठाच्या बागेत याहून फारसे निराळे काही केले नव्हते. त्या आकड्यांच्या विखुरण्यात मुलांना पातीच्या आत होऊन गेलेली वाटणी दिसेल, आणि ती घरी जाऊन आपल्या वडिलांना सांगतील की सरकी फाटली ती कोणाच्या करणीने नव्हे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांच्या नावाने याहून अधिक समयोचित उपक्रम मला सुचत नाही.